वाचकांचे प्रश्न : डोळे सरळ ठेवतं कोण?

तिरळेपणाबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही या वेळी एकत्र घेतली आहेत. प्रश्न वेगवेगळे असले तरी सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : डोळ्यांना दिसलेली चूक मेंदूपर्यंत पोचते का, आणि पोचली तर मेंदू तिचं काय करतो. उत्तरं नेत्रतज्ज्ञ आणि ऑर्थोप्टिस्ट (दोन्ही डोळ्यांची जुळणी तपासणारे तज्ज्ञ) यांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : मुलगी साडेपाच वर्षांची आहे. उन्हात गेली की डावा डोळा मिटून घेते. झोप आली किंवा ताप आला की तोच डोळा कानाकडे सरकतो. डॉक्टरांसमोर मात्र दोन्ही डोळे अगदी सरळ! त्यांनी ‘सहा महिन्यांनी दाखवा’ म्हणून परत पाठवलं. सासूबाई म्हणतात, तिरळं मूल नशीबवान असतं, काही करू नका. आम्ही काय करावं? (सातारा)

नशिबाचं सासूबाईंवर सोपवू. वर्णनावरून हा अधूनमधून बाहेर जाणारा तिरळेपणा वाटतो. डॉक्टर कागदावर ‘इंटरमिटंट एक्झोट्रोपिया’ असं लिहितात. अशा मुलांच्या डोळ्यांची विसाव्याची जागाच थोडी बाहेरच्या बाजूला असते. तरीही दिवसातला बराच वेळ डोळे सरळ राहतात, कारण मेंदू दोन्ही डोळ्यांतली चित्रं सतत ताडून पाहत असतो. एक चित्र दुसऱ्यावरून जरा सरकलं की पाव सेकंदाच्या आत डोळे आत ओढण्याचा हुकूम सुटतो. दोन चित्रांची अशी सांगड घालण्याला फ्यूजन म्हणतात. थकवा, ताप, तंद्री, आणि मोठ्यांच्या बाबतीत दारू, यांनी हे काम ढिलं पडतं. प्रखर उजेडातही ते सुटतं. उन्हात एक डोळा मिटणं हे या प्रकाराचं इतकं नेहमीचं लक्षण आहे, की आईने एवढंच सांगितलं तरी तपासणाऱ्याने लगेच कान टवकारावेत.

डॉक्टरांसमोर डोळे सरळ का? एक तर मूल तिथे सावध असतं. दुसरं म्हणजे तिथे बहुतेक वेळा जवळचं चित्र दाखवतात. जवळ फोकस करताना डोळे त्या ओघात आपोआप आत येतात. अंगणात लांबवर बघताना ही फुकटची मदत मिळत नाही. म्हणून तपासणी ६ मीटर आणि ३३ सेंटिमीटर अशा दोन्ही अंतरांवर झाली का, हे जरूर विचारा.

‘ताबा’ किती आहे हे ० ते ५ गुणांत मोजतात. आधी डोळा न झाकता ३० सेकंद नुसतं बघायचं. पूर्ण वेळ डोळा बाहेर असेल तर ५, निम्म्याहून जास्त वेळ असेल तर ४, कमी वेळ असेल तर ३. या अर्ध्या मिनिटात डोळा एकदाही बाहेर गेला नाही तर १० सेकंद एक डोळा झाकून उघडायचा. जागेवर यायला ५ सेकंदांहून जास्त लागले तर २, १ ते ५ सेकंद लागले तर १, लगेच आला तर ०. एकाच दिवसात हा आकडा बदलतो, म्हणून एका भेटीत तीनदा मोजून सरासरी काढणं बरं.

खरा कोन मोजायचा तर एका डोळ्यावर ३० ते ६० मिनिटं पट्टी ठेवतात, म्हणजे फ्यूजनचा जोर उतरतो. इथे एक चूक हमखास होते. पट्टी काढताना मुलाने क्षणभर जरी दोन्ही डोळ्यांनी पाहिलं, तरी सांगड पुन्हा बसते आणि तासाभराची मेहनत वाया जाते. दुसरा डोळा आधी झाकायचा, मग पट्टी काढायची, आणि मोजून होईपर्यंत दोन्ही डोळे एकाच वेळी उघडे राहू द्यायचे नाहीत.

घरी तुम्ही व्हिडिओ काढा. मुलीला गॅलरीत उभं करून समोरच्या इमारतीवरचं काहीतरी वाचायला किंवा ओळखायला सांगा. सकाळी एकदा आणि झोपेच्या आधी एकदा. डावा डोळा तळहाताने १० सेकंद झाका, हात काढा आणि डोळा आपणहून सरळ येतो की पापणी मिटल्यावरच येतो ते पाहा. आपणहून येत असेल तर ताबा बरा. महिन्यातून एकदा असा व्हिडिओ पुरे. रोज ‘डोळा सरळ कर’ म्हणून मुलीच्या मागे लागू नका.

सहा महिने थांबणं चुकीचं नाही. बरीच मुलं वर्षानुवर्षं आहे तशीच राहतात. मात्र दर भेटीत खोली ओळखण्याची, म्हणजे ठिपक्यांच्या किंवा माशीच्या चित्राची, चाचणी व्हायला हवी. ती घसरू लागली, दिवसातला निम्म्याहून जास्त वेळ डोळा बाहेर राहू लागला किंवा जवळ बघतानाही तो सुटू लागला, तर शस्त्रक्रियेचा विषय काढायचा. डोळा बाहेर असताना मुलगी ‘दोन-दोन दिसतात’ म्हणत नसेल, तर त्याने निश्चिंत होऊ नका. का, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : दोन चित्रं सरकली की मेंदू डोळे सरळ करतो असं म्हणतात. मग तिरळ्या मुलाचा मेंदू ते का करत नाही? आणि स्नायूंना स्वतःची जागा कळत नाही का? (पुणे)

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी. डोळ्यांच्या स्नायूंत ताण जाणवणारे तंतू आहेत आणि तो संदेश मेंदूकडे जातोही. पण डोळे एकमेकांशी जुळवून ठेवायला तो पुरत नाही. ज्यांचे डोळे एरवी सरळ असतात अशा बहुतेकांचा एक डोळा झाकला, की हाताआड तो थोडासा सरकतो. स्नायू तेच, तंतू तेच. तुटलेलं असतं फक्त चित्र. हात काढताच डोळा परत येतो.

ही दुरुस्ती कितीपर्यंत करता येते यालाही मर्यादा आहे. प्रिझम म्हणजे नजर बाजूला सरकवणारं पाचरीसारखं भिंग; १ मीटर अंतरावर नजर १ सेंटिमीटर सरकवणारा प्रिझम म्हणजे १ प्रिझम डायॉप्टर. या मापाने लांब बघताना डोळे आत ओढण्याची ताकद साधारण १५ ते २०, बाहेर ढकलण्याची जेमतेम ६ ते ८, आणि वर-खाली फक्त २ ते ४. वर-खालीचा अगदी थोडा फरकही माणसाला हैराण करतो तो याचमुळे.

आता तिरळं मूल. चूक या ताकदीबाहेरची असेल तर दोन-दोन दिसत राहतं. प्रौढ माणूस त्यामुळे डोळा झाकून चालतो. लहान मुलाचा मेंदू मात्र वेगळा मार्ग काढतो : सरकलेल्या डोळ्याचं चित्र दाबूनच टाकतो. याला सप्रेशन म्हणतात. काही मुलांत मेंदू याहून पुढे जातो आणि सरकलेल्या डोळ्याच्या पडद्यावरच्या भलत्याच बिंदूला ‘समोर’ मानायला लागतो. दोन्ही प्रकारांत त्रास थांबतो, पण चूक कळणंही थांबतं. कळतच नाही तर दुरुस्त कोण करणार? ह्यूबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी मांजराच्या पिल्लांत मुद्दाम तिरळेपणा निर्माण करून पाहिला, तेव्हा दोन्ही डोळ्यांना प्रतिसाद देणाऱ्या मेंदूपेशी खूपच कमी झालेल्या आढळल्या. दृष्टीवरच्या त्यांच्या एकूण कामासाठी त्यांना १९८१ मध्ये नोबेल मिळालं.

सरकलेला डोळा नेहमी तोच असेल तर तो आळशी होतो. त्यावर चांगल्या डोळ्याला पट्टी लावतात. मध्यम आळशीपणात रोज २ तासांची पट्टी ६ तासांइतकीच उपयोगी पडते, हे अमेरिकेतल्या २००३ च्या चाचणीत दिसलं. पट्टीने नजर सुधारते. डोळा सरळ होत नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये.

प्रश्न : मुलगा तीन वर्षांचा. डोळा नाकाकडे जायचा म्हणून +४.५ नंबरचा चष्मा लागला. चष्म्यात डोळे सरळ असतात, पण काढला की पूर्वीपेक्षा जास्त आत जातो. चष्म्यानेच बिघडलं का? (कोल्हापूर)

नाही. ही तक्रार इतक्या वेळा येते की चष्मा देतानाच सांगायला हवी.

इथे चित्रांच्या सरकण्याआधी धूसरपणा येतो. +४.५ नंबरचं मूल चष्म्याशिवाय लांबचं स्पष्ट बघायला ४.५ डायॉप्टर जोर लावतं. प्रत्येक डायॉप्टरमागे डोळे साधारण ३ ते ५ प्रिझम डायॉप्टर आत येतात. ४ धरले तर ४.५ गुणिले ४, म्हणजे १८. बाहेर ढकलण्याची ताकद ६ ते ८. तेवढ्याने भागत नाही, सांगड सुटते आणि सगळे १८ तिरळेपणा म्हणून दिसतात. चष्मा लावला की जोर लावायचं कारणच उरत नाही. चष्म्याआधी मूल कधी जोर लावायचं, कधी धूसर चालवून घ्यायचं. आता त्याला स्पष्ट दिसण्याची सवय झाली आहे, म्हणून चष्मा काढताच ते पूर्ण जोर लावतं आणि डोळा जास्त आत जातो.

तेव्हा चष्मा सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत. आंघोळीला काढायचा, बाकी नाही. ‘फक्त अभ्यासापुरता’ चष्मा या मुलांसाठी निरर्थक आहे. नंबर फोकसचा जोर सैलावणारे थेंब किंवा अॅट्रोपिनचं मलम घालून काढलेला असावा. नुसत्या मशिनवर काढलेला बहुधा कमी येतो आणि डोळा थोडा आतच राहतो. मलम घातल्यावर मुलाचा चेहरा लाल झाला, अंग तापलं किंवा ते बरळू लागलं तर मलम थांबवून लगेच डॉक्टरांना कळवा.

लांब बघताना सरळ पण पुस्तक धरलं की आत, असं असेल तर त्या मुलाचा दर, म्हणजे प्रत्येक डायॉप्टरमागे डोळे आत येण्याचं प्रमाण, जास्त आहे. हिशेब करून पाहा : ३३ सेंटिमीटरवर ३ डायॉप्टर जोर लागतो, दर १० असेल तर डोळे ३० आत येतात, आणि बाहुल्यांमधलं अंतर ५ सेंटिमीटर असलेल्या मुलाला गरज असते फक्त १५ ची. अशांना बायफोकल देतात, खालच्या भागात +२.५ ते +३ जास्त. दुकानात गडबड होते ती बसवण्यात. मोठ्यांच्या सवयीने खालचा भाग पापणीच्या रेषेला बसवतात; मूल त्याच्या वरूनच बघतं आणि सगळे म्हणतात, बायफोकलचा उपयोग नाही. मुलांच्या चष्म्यात त्या भागाची वरची कड बाहुलीच्या मध्यावरून जायला हवी. चष्मा घ्यायला जाताना मूल बरोबर न्या आणि तिथेच बघून घ्या.

प्रश्न : वय २४, दिवसभर लॅपटॉप. वाचताना अक्षरं धावतात, कपाळ दुखतं. ‘कन्व्हर्जन्स कमी आहे’ सांगून पेन्सिलचा व्यायाम दिला. महिना झाला, फरक नाही. व्यायामच फोल आहे का? (नाशिक)

कन्व्हर्जन्स म्हणजे जवळ बघताना दोन्ही डोळे आत वळवणं; त्यासाठी पेन्सिलचं टोक एकच दिसत ठेवत ती हळूहळू नाकाजवळ आणायची. हा व्यायाम फोल नाही, पण घरच्या घरी केलेली पेन्सिल बरेचदा फोल ठरते. २००८ मध्ये अमेरिकेत ९ ते १७ वर्षांच्या २२१ मुलांवर केलेल्या १२ आठवड्यांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. दर आठवड्याला केंद्रात येऊन, शिवाय घरी सराव करणाऱ्यांपैकी ७३ टक्के बरे झाले किंवा सुधारले. नुसत्या घरच्या पेन्सिलचे ४३ टक्के. आणि खोट्या, उपचारासारख्या दिसणाऱ्या व्यायामाचे ३५ टक्के. म्हणजे घरची पेन्सिल खोट्या उपचाराच्या फारशी पुढे गेली नाही.

आमच्या मते यातली मोठी अडचण ही, की चूक झालेली करणाऱ्याला कळत नाही. पेन्सिल नाकाजवळ येता येता एक डोळा सुटून बाहेर जातो, मेंदू त्याचं चित्र दाबतो, आणि पेन्सिल एकच दिसत राहते. माणूस खूश होऊन आणखी जवळ आणतो. म्हणजे सराव होतो तो एका डोळ्याने बघण्याचा.

यावर साधा उपाय आहे. पेन्सिलच्या मागे, दोन-तीन मीटरवर, दाराची कडी किंवा कॅलेंडरचा खिळा असं काहीतरी ठेवा. नजर पेन्सिलच्या टोकावर असताना मागची कडी दोन दिसली पाहिजे. दोन दिसतायत तोवर दोन्ही डोळे कामावर आहेत. कडी एकच झाली की एक डोळा दांडी मारतोय. तिथेच थांबा, पापण्या दोन-चारदा मिटा, पेन्सिल लांब नेऊन पुन्हा सुरू करा.

याहून चांगला दोरा. तीनेक मीटर पांढरा दोरा घ्या, त्यात वेगवेगळ्या रंगांचे तीन मणी ओवा. एक टोक खिडकीच्या गजाला डोळ्यांच्या उंचीवर बांधा, दुसरं नाकाच्या शेंड्याला ताणून धरा. मणी ३०, ६० आणि १२० सेंटिमीटरवर. ज्या मण्याकडे बघाल तो एक आणि बाकीचे दोन-दोन दिसायला हवेत. दोरेही दोन दिसून त्याच मण्यावर फुलीसारखे एकमेकांना छेदायला हवेत. दोरे मण्याच्या पलीकडे छेदत असतील तर डोळे पुरेसे आत आलेले नाहीत. अलीकडे छेदत असतील तर जास्त आले. एकच दोरा दिसला तर एक डोळा बंद आहे असं समजा. चूक किती आणि कुठल्या बाजूला हे दोरा जागच्या जागी दाखवतो, हीच त्याची करामत.

प्रत्येक मण्यावर १० सेकंद, जवळून लांब आणि लांबून जवळ, ५ मिनिटं, दिवसातून दोनदा. जवळचा मणी हळूहळू नाकाकडे सरकवत न्या. वस्तू ६ सेंटिमीटरपर्यंत जवळ येईतो एकच दिसली तर ठीक. दोन-तीन आठवड्यांत एकच दोरा दिसत राहिला, तर घरी घाम गाळू नका, ऑर्थोप्टिस्टकडे जा.

एक ताकीद : हे व्यायाम डोळा आत ओढायला शिकवतात. नाकाकडे जाणाऱ्या तिरळेपणात ते करू नयेत. आणि ज्याचा डोळा कायम तिरळा आहे, ज्याने लहानपणापासून चित्र दाबून ठेवलं आहे, त्याने व्हिडिओ बघून सप्रेशन मोडायचे व्यायाम मनाने सुरू करू नयेत. दाबलेलं चित्र जागं झालं पण जुळलं नाही, तर कायमचं दोन-दोन दिसणं पदरात पडतं.

प्रश्न : वय ४१. उजवा डोळा लहानपणापासून नाकाकडे. आता शस्त्रक्रिया करावी का? डोळा पुन्हा जुन्या जागी जातो आणि दोन-दोन दिसतं, असं ऐकलं. (ठाणे)

करता येते, वय आडवं येत नाही. ‘मोठेपणी फक्त दिखाव्यासाठी’ हा शेराही अर्धवट आहे. आत वळलेला डोळा बाहेर आल्यावर बाजूचं दिसण्याचं क्षेत्र रुंदावतं, आणि काहींना थोडंफार फ्यूजनही मिळतं.

दोन-दोन दिसेल का याचा अंदाज आधी घेता येतो. तिरळेपणाचा कोन भरून काढणारा प्रिझम डोळ्यासमोर धरायचा आणि काय दिसतं ते विचारायचं. एक दिसलं तर उत्तम. दोन दिसले तर प्रिझम थोडा कमी-जास्त करून कुठे एक दिसतं ते शोधायचं. पाच मिनिटांत निकाल लावू नये. चिकटवण्याचा पातळ प्लास्टिकचा प्रिझम चष्म्यावर लावून काही दिवस वापरून बघणं जास्त खात्रीचं. शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीचे दिवस दोन-दोन दिसणं नेहमीचं आहे आणि बहुतेकांचं जातं. कायम राहणं क्वचित.

प्रिझम लावल्यावर काहींचा डोळा आणखी आत जातो, जणू त्याने प्रिझम खाल्ला. मेंदूने जुन्या कोनाशी संगनमत केलेलं असेल तर तो कोन परत मिळवायला डोळा असा सरकतो. शस्त्रक्रियेनंतर डोळा जुन्या जागी जाण्याचंही हे एक कारण आहे. पण सगळ्यांत तसंच नसतं. मोठेपणी किंवा लहानपणी उशिरा सुरू झालेल्या, आत जाणाऱ्या तिरळेपणात प्रिझम वाढवत नेल्यावर कोन एका जागी थांबला आणि चित्रं जुळली, तर त्या वाढलेल्या कोनाप्रमाणे शस्त्रक्रिया केल्यास निकाल चांगला लागतो, असं १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात दिसलं. तुमचा तिरळेपणा पहिल्या वर्षातलाच आहे की तीन-चार वर्षांनंतरचा, हे जुन्या फोटोंवरून शोधा आणि फोटो डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे. एका डोळ्याचा मोतीबिंदू बरीच वर्षं अंगावर काढला. तो डोळा आता बाहेर गेला आहे. ऑपरेशननंतर आपोआप सरळ होईल? (लातूर)

कधी होतो. धूसर डोळ्याला ताडून बघायला चित्रच मिळत नाही, म्हणून तो सुटतो, आणि प्रौढांत बहुधा बाहेर जातो. चित्र परत आल्यावर ताकद शिल्लक असेल तर डोळा जागेवर येतो. खूप वर्षं गेली असतील तर नजर स्वच्छ होऊनही दोन चित्रं जुळत नाहीत. ऑपरेशनच्या आधीच हे डॉक्टरांशी बोलून ठेवा, म्हणजे नंतर दोन-दोन दिसलं तर ‘ऑपरेशन बिघडलं’ असं वाटणार नाही.

प्रश्न : डोळा सरळ असताना आवाज देणारं यंत्र निघालं आहे म्हणे. त्याने तिरळेपणा जातो का? (पणजी)

कल्पना जुनी आहे. १९७० आणि ८० च्या दशकांत अमेरिकेत डोळ्याची जागा यंत्राने टिपून तिच्याप्रमाणे बदलणारा आवाज ऐकवण्याचे प्रयोग झाले. बाहेर जाणाऱ्या तिरळेपणाच्या काही रुग्णांना आवाजाच्या आधाराने डोळा सरळ धरणं जमलं. प्रश्न येतो तो आवाज बंद केल्यावर. कानावाटे आलेली खबर लक्ष देऊन ऐकावी लागते. फ्यूजन मात्र गप्पा मारताना, रस्ता ओलांडतानाही चालू असतं. आवाजाने डोळा सरळ येतो आणि त्या वेळी दोन चित्रं जुळतात, अशांना सरावाचं साधन म्हणून उपयोग होऊ शकतो. चित्रं जुळतच नसतील तर पैसे घालवू नका.

बाहेरून दिलेल्या आधाराचं असंच एक उदाहरण अलीकडचं आहे. अधूनमधून डोळा बाहेर जाणाऱ्या ३ ते १० वर्षांच्या मुलांना गरजेपेक्षा २.५ ने जास्त उणे नंबर दिला, की ती फोकससाठी जोर लावतात आणि त्या ओघात डोळा आत राहतो. २०२१ मध्ये आलेल्या चाचणीत वर्षभर ताबा सुधारलेला दिसला. चष्मा उतरवत नेल्यावर फायदा टिकला नाही, आणि दरम्यान उणे नंबर इतर मुलांपेक्षा जास्त वाढला. ज्यांना आधीच उणे नंबर आहे त्यांनी हा उपाय विचारपूर्वकच घ्यावा.

प्रश्न : बाळ दोन महिन्यांचं आहे. कधी एक डोळा आत, कधी दुसरा बाहेर. (सोलापूर)

दोन्ही चित्रं जुळवण्याची क्षमता साधारण तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात येते, त्यामुळे आत्ता अधूनमधून डोळे भटकणं चालतं. चार महिन्यांनंतरही भटकत असतील, किंवा आत्ताच एक डोळा सतत एकाच बाजूला राहत असेल, तर दाखवा. नाकाचा पूल रुंद असला की डोळे आत वाटतात. दोन हात अंतरावरून फ्लॅश लावून फोटो काढा. चमकीचा ठिपका दोन्ही बाहुल्यांत एकाच जागी असेल तर बहुधा डोळे सरळ आहेत. फोटोत एखादी बाहुली पांढरी दिसली तर चार महिन्यांची वाट न बघता लगेच नेत्रतज्ज्ञाकडे न्या आणि तो फोटो दाखवा.